दाबलं की थांबलं पाहिजे

२ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे! टेम्पोत बावीस खोकी, दोन पलंग, दादाची हत्यारांची पेटी आणि पेटीवर बसलेला दादा. टेम्पोवाला त्याला सांगत होता की पुढे केबिनमध्ये या, ऐसपैस जागा आहे. पण दादाला काय ऐकू येणार! तो मागे पेटी राखत बसला, जसं काही वाटेत कोणी त्याचे रंधे पळवणार होतं.

घर मनासारखं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते मागचं वर्कशॉप. लांबच लांब. छपरात दोन काचेचे पत्रे आहेत, त्यामुळे दिवसा दिवा लावायला नको. मधोमध ते मशीन. फोटोत पाहिलं होतं, पण समोर उभं राहिल्यावर वाटलं, आमचं जुनं स्वयंपाकघर एवढंच होतं की. लोखंडी टेबल, त्यावर पुढे-मागे सरकणारा आडवा पूल, पुलावर डावी-उजवीकडे धावणारी मोटर आणि तिच्या टोकाला कोरणारं पातं. कॉम्प्युटरवर अक्षर काढायचं, मशीन ते लाकडात कोरून देतं. सोळा वर्षं मी पाट्या हातानं कोरल्या. गेल्या वर्षी मनगटानं राजीनामा दिला. आता दादा फळ्या तयार करणार, मी अक्षरं काढणार आणि कोरायचं काम हे लोखंडी धूड करणार.

मशीन घरमालकीण काकूंच्या यजमानांनी स्वतः बनवलेलं आहे. ते इंजिनिअर होते. दोन वर्षांपूर्वी हृदय बंद पडून गेले, असं काकूंनी किल्ली हातात देताना सांगितलं. धूड हलवणं कोणाच्याच बापाला जमेना, म्हणून घराबरोबर तेही भाड्यानं. काकू भिंतीपलीकडे राहतात, एकाच घराचा दुसरा भाग. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, आणि दिवसभर रेडिओ मोठ्यानं लावून बसणाऱ्या. गाणी, बातम्या, बाजारभाव, काही वर्ज्य नाही. दादाच्या पाटीवर खडूनं लिहून त्याला ही बातमी दिली. त्याच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात तो म्हणाला, चला, तुझ्या गाण्याला तोडीस तोड मिळाली. काकूंना नक्की ऐकू गेलं असणार, कारण पलीकडे हसल्याचा आवाज आला.

दादाचे कान जाऊन अकरा वर्षं झाली. तापात गेले. ओठ वाचतो, आणि अडलं की पाटी. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे सगळं गावजेवणाला आवतण दिल्यासारखं बोलतो. मला अजून ‘बारके’ म्हणतो, मी बेचाळीसची झाले तरी.

नवी वही सुरू केलीय. रोज नाही, पण कामाचं लिहीन.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली पाटी लावली होती. एका दवाखान्याची. सगळं सुरेख चाललं होतं. शिरोरेषा झाली, ‘द’ झाला, ‘वा’ झाला. मी कौतुकानं बघत होते, दादा मशीनच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरा भुसा झाडत होता. एवढ्यात फळी पकडणारा एक शिकंजा सुटला. फळी वर उचलली गेली, पातं तिच्यात अडकलं, आणि पूल फळीसकट फरफटत दादाच्या दिशेनं निघाला.

मी ओरडले. जिवाच्या आकांतानं ओरडले. ज्याला ऐकू येत नाही त्याला.

कॉम्प्युटरवर ‘थांबा’ दाबलं. काही नाही. परत दाबलं. मशीनचा प्लग मागच्या भिंतीवर आहे, म्हणजे चालत्या पुलाच्या पलीकडे हात घालायला हवा. घातला. उपटला. पूल थांबला तेव्हा त्याच्या आणि दादाच्या पाठीच्या मध्ये एक वीत अंतर होतं. पातं तरीही थोडा वेळ फिरतच राहिलं. दादाला काहीच कळलं नव्हतं. तो वळला, माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, काय गं, उंदीर?

ठरलं. धोक्याचं बटण लावल्याशिवाय या मशीनवर एक रेघसुद्धा मारायची नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

काकूंच्या ओळखीचा वायरमन येऊन गेला. बोलका माणूस. मशीनभोवती फेरी मारून म्हणाला की ताई, एवढ्याशा कामाला एवढ्या मोठ्या मोटारी कोणी लावल्या? यांच्या जोरावर भिंत सरकेल. मग त्यानं कॉम्प्युटरवरच्या ‘थांबा’चा निकाल लावला. म्हणे, तो विनंती अर्ज आहे. कॉम्प्युटर अर्ज वाचणार, विचार करणार, मंजूर करणार, तोपर्यंत माणूस गेला. तुम्हाला अर्ज नको, हुकूम पाहिजे. दाबलं की मोटारींची वीजच तुटली पाहिजे.

त्यानं कागदावर आकृती काढून दिली, इथे चिकटवतेय. लाल गोल बटण, कुत्र्याच्या छत्रीसारखं. दाबलं की आत अडकून बसतं, फिरवल्याशिवाय सुटत नाही. बटणाच्या तारेतून कायम थोडी वीज वाहत असते, ती एका मोठ्या विजेच्या खटक्याला धरून ठेवते. बटण दाबा किंवा उंदरानं तार कुरतडो, वीज तुटली की खटका पडतो आणि सगळं ठप्प. आणि बटण नुसतं सोडवलं म्हणून मशीन आपोआप सुरू होता कामा नये, त्याला वेगळं हिरवं बटण. हे त्यानं तीनदा सांगितलं.

बटण कुठे लावायचं यावर आमचा तासभर खल. मला शोभा दिसत होती, म्हणजे बाजूला, नीट. त्यानं मला डोळे मिटायला लावले आणि एकदम पत्र्यावर पाना आपटला. मी दचकून हात वर केला तो मशीनच्या टोकाशी असलेल्या छपराच्या खांबाला लागला. म्हणाला, बस्, इथेच. घाबरलेल्या माणसाचा हात आपोआप जिथे जातो तिथे. दुसरं दारापाशी, दादासाठी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बसवलं! सकाळी दहाला सुरुवात, चारला काम फत्ते. खटक्याची पेटी भिंतीवर, तारा लोखंडी नळीतून, दोन्ही बटणं कंबरेच्या उंचीवर. वीस वेळा दाबून पाहिलं. पूल जागच्या जागी थांबतो. पातं पूर्वी बराच वेळ फिरायचं, वायरमननं त्याला ब्रेक लावला, आता दोन मोजेपर्यंत थांबतं. दादाला इतका आनंद झाला की तो येता-जाता दाबतोय. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातात असं काही आलंय ज्याला कान लागत नाहीत.

काकूंना बोलावून दाखवलं. त्या दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. लाल बटणाकडे बघत राहिल्या. मग पदरानं तोंड दाबलं आणि म्हणाल्या, हे आधी असतं तर बरं झालं असतं. मी विचारलं, कशासाठी? त्या पाठ फिरवून गेल्या. रेडिओ लगेच सुरू झाला, नेहमीपेक्षा मोठा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेच्या वर्गांच्या पाट्या. ‘ळ’ इतका देखणा आला की मीच त्याच्या प्रेमात. ‘ळ’ हाताला कायम दगा द्यायचा.

एकच गोष्ट. दादानं आज तीनदा बटण दाबलं. काही बिघडलेलं नव्हतं. पहिल्या वेळी मला वाटलं त्याला काही दिसलं असेल. दुसऱ्या वेळी विचारलं तर तो माझ्याकडेच चमकून बघायला लागला. म्हणाला, तूच तर म्हणालीस. मी पाटीवर लिहिलं, मी काही म्हणाले नाही, आणि म्हणाले असते तरी तुला काय.

तिसऱ्या वेळी दाबलं आणि बटणावर हात ठेवून तसाच उभा राहिला. डोळ्यांतून पाणी. बारके, म्हणाला, मला ऐकू आलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर परीक्षा घेतली. पाठीमागे पातेली आपटली. शिट्टी फुंकली. काकूंचा रेडिओ मागून आणला आणि कानाला लावला. शून्य.

वर्कशॉपमध्ये मशीन सुरू केलं. थोड्या वेळात त्यानं मान तिरकी केली, पूर्वी रस्त्यावरून कोणी हाक मारली की करायचा तशी. मशीनचा आवाज येत नाही त्याला. पुरुषाचा आवाज येतो, म्हणाला. दमलेला. छातीवर धान्याचं पोतं ठेवून बोलावं तसा. दोनच शब्द. बंद कर. बटण दाबलं की आवाज थांबतो, आणि थांबताना सुटल्यासारखा एक श्वास येतो.

मी कान देऊन उभी होते. मला मोटारीशिवाय काहीही ऐकू आलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी तपासलं. कान होते तसेच, ठार. मला बाजूला घेऊन समजावलं की ज्या मेंदूला वर्षानुवर्षं आवाज मिळत नाही तो स्वतःच आवाज तयार करतो, उपाशी माणसाला वास येतात तसे. मशीनची थरथर पायातून जाते, मेंदू तिचे शब्द करतो. घाबरू नका.

पटलं. बरंही वाटलं. दादाला पाटीवर सगळं लिहून दाखवलं. त्यानं वाचलं, पुसलं आणि विचारलं, मग मेंदूनं तुझा आवाज का नाही केला? तुझा तर मला पाठ आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बाजारातून परतले तर वर्कशॉपमध्ये मशीन चालू. टेबल रिकामं. फळी नाही, काही नाही. पातं हवेतच फिरतंय, पूल रिकामाच पुढे-मागे जातोय, आणि दादा स्टुलावर बसून ऐकतोय. चेहरा कसा होता सांगू? लग्नात सनई ऐकताना असायचा तसा.

मी धावत जाऊन बटण दाबलं. तो चिडला. आयुष्यात माझ्यावर न चिडलेला माणूस. किती वेळ चालू होतं विचारलं, तर म्हणाला, तू गेलीस तेव्हापासून. म्हणजे दोन तास. दोन तास तो माणूस बंद कर बंद कर म्हणत होता आणि तू बसून राहिलास, असं मी लिहिलं. मला ते खरं वाटत नव्हतं, तरी लिहिलं.

दादानं मान खाली घातली. म्हणाला, अकरा वर्षांनी एक आवाज मिळालाय गं. तो लगेच कसा बंद करू?

मग हळूच सांगितलं. शेवटी शेवटी तो माणूस बोलत नव्हता. रडत होता. आणि आत्ता मी बटण दाबल्यावर तो सुटल्यासारखा श्वास आला नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आवाज थांबत नाहीये. मशीन बंद आहे, बटण दाबलेलं आहे, मी स्वतः मुख्य खटका पाडला. दादा स्वयंपाकघरात कानांवर हात ठेवून बसलाय आणि म्हणतोय, मी वाट बघायला लावली म्हणून तो रागावलाय.

काकूंकडे गेले. सरळ विचारलं, काका कसे गेले?

आधी म्हणाल्या, सांगितलं ना, हृदय बंद पडलं. मी म्हटलं, माझ्या भावाला ऐकू येत नाही, पण त्याला एक माणूस ऐकू येतोय, छातीवर ओझं असल्यासारखा, आणि तो बंद कर म्हणतोय. काकूंनी रेडिओचा आवाज कमी केला. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

त्या जे बोलल्या ते आठवेल तसं लिहिते, कारण मी एकटीनं ते डोक्यात ठेवू शकत नाही.

"चाळीस वर्षं संसार केला, पोरी. त्यांनी हात नाही उगारला कधी. फक्त सांगायचे. रेडिओ बंद कर. गुणगुणणं बंद कर. रडणं बंद कर. माहेरी बोलणं बंद कर. मी करत गेले. त्या दिवशी ते मशीनच्या टोकाला वाकले होते आणि तो पूल सरकत आला. छाती खांबाला दाबली गेली. मी चहा घेऊन आले होते. प्लगपाशीच उभी होते. ते म्हणाले, बंद कर."

मी विचारलं, मग?

"चाळीस वर्षं त्यांनी सांगितलं आणि मी केलं. त्या दिवशी एकदाच नाही केलं. चहा गार होईपर्यंत उभी होते. मग प्लग काढला. डॉक्टरांनी लिहिलं, हृदय बंद पडलं. खोटं काय त्यात?"

आणि त्यांनी रेडिओचा आवाज परत वाढवला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

वायरमनला बोलावून मशीनच्या सगळ्या तारा काढून टाकल्या. एकही उरली नाही. लाल बटण आता नुसतं खांबाला लटकलेलं. तो म्हणाला, ताई, एवढ्या हौसेनं बटणं बसवलीत! त्याला काय सांगणार. पोटदुखीचं कारण दिल्यासारखं काहीतरी सांगितलं. दादाच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं चहाही घेतला नाही.

दादा विचारतोय, मशीन बंद आहे, तरी तो ओरडतोय. मग बंद काय करायचं? नक्की काय चालू आहे?

दुसरं घर बघायला हवं. टेम्पोवाला सोमवारशिवाय मोकळा नाही. दादाला म्हटलं, आपण आज नुसते अंगावरच्या कपड्यांनी निघू. तो उंबऱ्यापर्यंत आला. तिथे थांबला. तो माणूस सोडत नाही, म्हणाला. ओढलं तर त्याचा श्वासच कोंडला, ओठ निळे पडले. परत आत आणला.

त्याला टाकून जाऊ का मी?

२१ फेब्रुवारी, शनिवार

दादाला आता सगळं ऐकू येतंय.

सकाळी त्याच्या मागे उभं राहून हलकेच बोलले, दादा. तो वळला. मी आनंदानं रडायला हवं होतं.

प्रत्येक आवाज त्याला टोचतो. भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यातला सेल काढला. नळ ठिबकत होता, त्याला पान्यानं इतका आवळला की आता पाणीच येत नाही. फ्रिजची वायर. पंखा. एकेक बंद करतो, कान देतो, मान हलवतो. हे नाही. अजून चालू आहे.

भिंतीला कान लावून उभा होता. पलीकडे बाजारभाव चालले होते.

त्याच दिवशी, दुपारी

काकूंना सांगायला गेले की तुम्ही आजच्या आज कुठेतरी जा, बहिणीकडे, कुठेही. त्या म्हणाल्या, मीच येते.

आल्या. वर्कशॉपमध्ये, मशीनपर्यंत. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या दाराच्या आत. दादा स्टुलावर होता. काकू त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, पण त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्याच्या थोडं मागे, खांबाकडे बघून बोलल्या.

"मला ऐकू आलं होतं," म्हणाल्या. "पहिल्याच हाकेला. ऐकू आलं नाही असं जगाला सांगितलं, तुम्हाला नाही सांगत. चुकलं माझं."

दादा ऐकत होता. मग बोलला. त्याचा नेहमीचा मोठा, सपाट आवाज नव्हता. खालच्या पट्टीतला, धापा टाकणारा, आणि त्यात एक सवय होती, वर्षानुवर्षं हुकूम सोडल्याची.

"तो रेडिओ बंद कर."

मी काकूंचा हात धरला, बर्फासारखा. पण त्यांनी मान वर केली.

"नाही," म्हणाल्या. "तेवढं मागू नका. बाकी काय ती शिक्षा द्या."

आणि घरी जाऊन त्यांनी रेडिओ होता तेवढ्या पूर्ण आवाजात लावला. भिंत थरथरत होती. दादा बसून राहिला. ती बाई मला तेव्हा इतकी मोठी वाटली.

२२ फेब्रुवारी, रविवार

अंघोळीला गेले होते. दहा मिनिटं. फार तर पंधरा.

बाहेर आले आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. कळायला वेळ लागला.

रेडिओ नाही.

पळत गेले. काकू खुर्चीत बसलेल्या, डोळे मिटलेले. मांडीवर रेडिओ, त्याचं मागचं झाकण उघडं. अंगावर ओरखडासुद्धा नाही. कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. वय झालं होतं म्हणाले. हृदय.

घरी आले. दादा स्वयंपाकघरात बसला होता. शांत. कित्येक दिवसांनी शांत. त्याच्या शर्टाच्या खिशात रेडिओचे चार सेल.

काय केलंस, विचारलं. म्हणाला, काही नाही, रेडिओ बंद केला. मग त्यांच्या आतही काहीतरी चालू होतं, ते मी नुसता हात ठेवला तर बंद झालं.

त्यानं हे समजावून सांगितलं. लहानपणी मला सायकलची साखळी कशी बसवायची ते सांगायचा, तसं.

दुपारी दोन

काकूंच्या बहिणीकडची माणसं येऊन गेली. मी कोणालाच काही बोलले नाही. काय बोलू? माझा भाऊ आहे.

उद्या सकाळी टेम्पो. कानाच्या डॉक्टरांना खरं सांगेन. त्याला बांधून न्यावं लागलं तरी नेईन.

दादा म्हणतो आता बरं आहे. जवळजवळ बरं.

जवळजवळ का, विचारलं.

अजून थोडं चालू आहे, म्हणाला.

साडेतीन

मोठ्या खोलीचं दार लावून बसलेय. कडी घातलीय. पलंग सरकवून दाराला टेकवलाय.

बाहेर चालतोय. थांबतोय. ऐकतोय —

मी हाक मारली, दादा, मी आहे, बारकी. तो म्हणाला, माहितीये गं. त्याचाच आवाज होता. अगदी त्याचाच. तो अजून आत आहे —

कडी उखडली. पलंग सरकतोय. ढकलल्यासारखा नाही. हळूहळू, एकाच वेगानं. मी पाय लावून पाहिले. माझ्यासकट सरकतोय —

तो म्हणतोय, ते खरखर काय आहे? पेन आहे का? लिहितेस का काही?

थांबवत नाही मी. कोणीतरी वाचलं पाहिजे. काकूंनी —

दार उघडलं. उभा आहे. रागावलेला नाही. हात पुढे केलाय, रस्ता ओलांडताना करायचा तसा. म्हणतो, पेन राहू दे बारके, पेनाचं काही नाही. त्याच्या खालून येतंय. धडधड, धडधड. किती जोरात गं. तुला त्रास नाही का होत? इकडे ये, जरासा हात